घामाची गाठ

१ एप्रिल १९७८, शनिवार

गिरणीला पट्टे पुरवणाऱ्या एजंटानं जानेवारीत ही डायरी दिली. तीन महिने कोरी पडली होती. म्हटलं, लिहिण्यासारखं काय घडतं? भात येतं, तांदूळ जातो. आता घडलं आहे, आणि ते माणसाला सांगायची सोय नाही, म्हणून कागदाला सांगतो.

माझ्या डाव्या छातीवर, बोंडाच्या अगदी शेजारी, गाठ आली आहे. गणपतीत हरभऱ्याएवढी होती. होळीला पाहिली तर सुपारीएवढी. रंग जांभळट. दुखत नाही, पण अधूनमधून पाझरते, पाण्यासारखं काहीतरी चिकट. सदऱ्यावर रुपयाएवढा डाग पडतो.

हीच गाठ पाठीवर आली असती तर चारचौघांत दाखवली असती. मांडीवर आली असती तर गिरणीतल्या गजाला म्हटलं असतं, बघ रं काय आहे. पण ही जागा! कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर पोती वाहिलेला माणूस मी. वाहता वाहता दहिवलीत भातगिरणी उभी केली, तेव्हा कुठं लोक मोरूचा मोरूशेठ म्हणायला लागले. आता शेठला बायकांच्या जागेचं दुखणं झालं म्हणून सांगू?

तेव्हा बेत पक्का केला. सदरा अंगावरून उतरवायचा नाही, आणि धुवायचा तो आपला आपण. येसूला कळता कामा नये. येसू म्हणजे घरातली. तिला कळलं की तिच्या माहेराला कळलं, आणि तिचं माहेर तिकडं खालापूर तालुक्यात असलं तरी तिथली बातमी कर्जतला माणसाच्या आधी पोचते.

५ एप्रिल, बुधवार

पोहायच्या निमित्तानं नदीवर गेलो आणि एक सदरा अंगात ठेवून दुसरा धुतला. धोंड्यावर गौराबाई लुगडी आपटत होती. ही बाई वर्षाचं भात माझ्याकडं भरडते, त्यामुळं तिला तोंड सोडायचा हक्क आहे.

“अगो बाई, शेठ सदरा धुतात! येसू म्हायेरी गेली काय?”

“व्यायाम करतोय, गौराबाई. पोट सुटलंय.”

“मंग ही आमची गोधडी पन घ्या की. चांगला व्यायाम हुईल.”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. हसलं की संशय जातो, हा माझा धंद्यातला अनुभव.

८ एप्रिल, शनिवार

भात भरडणारा हलर चालू असला की लोकांना वाटतं आपलं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. माझे कान त्याच आवाजात पिकले. भात ओलं आहे, चाळणी फाटली, पट्टा सैल पडला, हे मला ओसरीवर बसून कळतं. मग माणसं काय चीज आहेत?

आज गजा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, “शेटचं कळंबला कुनीतरी हाय. सदरा सोता धुतात. अत्तराचा डाग असनार, बायकोला दिसाया नको म्हनून.”

खरं तर कानफटात द्यायला हवी होती. पण अट्ठेचाळिसाव्या वर्षी आपल्याविषयी कुणाला असं वाटतं, हे ऐकून वाईटही वाटेना. शिवाय खरी गोष्ट झाकायला ही वावडी बरी. जाता जाता कळंबकडचा रस्ता हल्ली कसा आहे म्हणून गजालाच विचारलं. बिचाऱ्यानं मान खाली घातली.

११ एप्रिल, मंगळवार

येसू गप्प आहे. कळंबची वावडी तिच्या कानावर गेली असणार. आज मंगळवारचा उपासही धरला. हा नवीन. विचारलं तर म्हणते, “असाच धरला.” बायका रुसल्या की जेवणावर काढतात, ठाऊक आहे मला.

पण रुसली तरी संसाराचं सुटत नाही तिचं. माझ्या सगळ्या सदऱ्यांना तिनं आतून डाव्या बाजूला खिसा शिवला आहे. जुन्या लुगड्याचं मऊ कापड, चांगलं चार पदरी. खिशाला तोंड ठेवायला मात्र विसरली. मी दाखवलं तर म्हणाली, “राहू द्या तसाच.” बाजारात खिसेकापू वाढलेत म्हणे, त्यासाठी असेल.

एक मात्र झालं, खिशामुळं डाग बाहेर येत नाही. माझी युक्ती आणि तिचा खिसा, दोन्ही नकळत जुळले.

१४ एप्रिल, शुक्रवार

शेवटी दत्तोपंतांकडं गेलो. आमच्या बाजारपेठेतले डॉक्टर. त्यांच्या वडलांची ट्रंक मी स्टेशनातून वाहिली होती, आता त्यांच्या घरचा तांदूळ माझ्या गिरणीतून जातो.

गाठ चाचपली. चेहरा कोरा ठेवला. डॉक्टर आणि सोनार दोघांना हे शिकवतात वाटतं. सुई घातली तर पाणी निघालं आणि गाठ बसली. मी खुशीत सदऱ्याची बटणं लावायला लागलो.

“मोरूशेठ, इतक्यात पेढे वाटू नका. पुन्हा भरली तर तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवू.”

१८ एप्रिल, मंगळवार

भरली. आज तुकडा काढला. मी आधीच बजावलं होतं, “डॉक्टर, वरच्या कातडीला धक्का नको. व्रण राहिला तर घरात दिसेल.” दत्तोपंत म्हणाले, तुकडा कातडीसकट घेतलेला बरा. मी हात जोडले. शेवटी भिडेखातर त्यांनी गाठ जिथून पाझरते तिथूनच आत जाऊन कणभर मांस काढलं. वरून काही कळत नाही. काम नामी झालं.

येसूनं घरी आल्या आल्या विचारलं, “दमलात?” मी म्हटलं, वसुलीला हिंडलो. ती म्हणाली, “बसा.” आणि माझ्या छातीकडं बघत राहिली. हल्ली हे वरचेवर होतं. बोलताना तोंडाकडं न बघता छातीकडं बघते.

२५ एप्रिल, मंगळवार

पुण्याहून ट्रंककॉल आला तेव्हा मी दत्तोपंतांच्या दवाखान्यातच होतो. ट्रंककॉलला पुढच्या गावाला हाक मारल्यासारखं ओरडावं लागतं.

“हो, हो, डावी छाती! काय? नाही, बाई नाही! पुरुष! पुरुष म्हणतोय मी! हो, आमच्या इथलाच, चांगला धट्टाकट्टा आहे!”

नाव घेतलं नाही हे नशीब. बाहेर बाकावर सातआठ पेशंट बसले होते, त्यांना काय कळणार? मी बाहेर आलो तेव्हा सगळे अदबीनं उठून उभे राहिले. गौराबाईनं तर मला बसायला जागा दिली. म्हटलं, अजून मान आहे आपल्याला.

दत्तोपंत जे हळू आवाजात बोलले ते आता लिहितो. पुण्याच्या डॉक्टरांना कर्करोगाची दाट शंका आहे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जायचं. डावी छाती काढायची, खालच्या स्नायूसकट. हात वर जाईल, पण पोतं उचलता येणार नाही.

“आणि नाही काढली तर?”

“मोरूशेठ, तुम्ही व्यापारी आहात. तुम्ही नाही म्हटलं तरी हा माल वाढतच जाणार.”

२६ एप्रिल, बुधवार

जाणार नाही.

पावसाळ्याआधीचं भात दारात उभं आहे. प्रत्येकाला चार महिन्यांचा तांदूळ घरात पडलेला हवा असतो. गिरणी गजावर टाकून जाऊ? आणि जाऊन काय सांगू? मी बायकांच्या रांगेत उभा राहायला आलोय?

दुपारी वीज गेली आणि हलर बंद पडला. तो बंद झाला की कानात एक पोकळी होते. एरवी मी त्या वेळात चहा घेतो. आज बसून राहिलो. मनात आलं, मरण असंच असेल. पट्टा फिरायचा थांबेल आणि कुणीतरी म्हणेल, आता बघा किती शांत वाटतंय.

खोटं कशाला लिहू? भ्यायलो आहे.

२९ एप्रिल, शनिवार

गिरणीत न जाता आधी हे लिहितो.

सकाळी न्हाव्याकडं दाढीला बसलो होतो. बाहेर खुंटीला माझी हिरवी छत्री. कर्जतात हिरवी छत्री एकच. शेजारी मधू सोनाराचं दुकान, मधे फळीची भिंत. गालाला साबण लागला आणि पलीकडून येसूचा आवाज आला.

येसू घरात कधी मोठ्यानं बोलत नाही. भाकर झाली हे सुद्धा ताटली आपटून सांगते. आज मात्र गुरं हाकल्यासारखी बोलत होती.

“मधूभाऊ, चांदीचा अवयव करायचा हाय. माज्या म्हायेरच्या गावदेवीला नवस बोललीय.”

“कुठला करू, वहिनी? डोळे? पाय?”

“छाती! डावी!”

मधू गडबडला. “दुखणं कुणाचं?”

“घरातलंच हाय. मोठं दुखनं हाय. मुंबईला दवाखान्यात जायाला पायजे, पन नेनारा मानूस नेईल तवा ना!”

“वहिनी, साचा माझ्याकडं बायकांचाच आहे. बाळंतिणीला दूध येईना की त्यातलाच करून देतो.”

“तोच चालंल. देवी समजून घेईल. आन मगाशी सांगितलेली ती जोडी पन कर. जोडीची घाई नाय.”

मी हललो आणि वस्तरा लागला. न्हावी म्हणाला, “शेठ, अंग आवरा.” कसलं अंग आवरतोय!

येसूला! माझ्या येसूला तेच दुखणं! आता सगळा उलगडा झाला. उपास, गप्प राहणं, माझ्या छातीकडं टक लावून बघणं. बिचारी स्वतःचं दुखणं आठवून बघत असणार. मी मात्र वावडीत मजा घेत बसलो.

एकच कळत नाही. एक आणि वर जोडी म्हणजे तीन झाले. तीन कुणाला असतात? बहुतेक दुखणं पसरलं तर असावेत, म्हणून जास्तीचे सांगून ठेवले असतील. फार पुढचा विचार करते ती.

२ मे, मंगळवार

स्वतःसाठी गेलो नसतो. पण गिरणी नवी होती, गडी ठेवायची ऐपत नव्हती, तेव्हा कोंड्याच्या पाट्या डोक्यावरून कुणी वाहिल्या? हलरचा कोंडा उडून तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि मी तिला म्हातारे म्हणून चिडवायचो. खरी म्हातारी होईपर्यंत ती मला हवी आहे. एवढंच गणित आहे.

दत्तोपंतांना म्हटलं, “मुंबईच्या हॉस्पिटलासाठी चिठ्ठी द्या. माझ्यासाठी नाही. येसूसाठी. तिलाही तेच झालंय.”

दत्तोपंतांना अचानक खोकल्याची उबळ आली. तोंडावर रुमाल धरून बराच वेळ खोकले, खांदे हलत होते. मग खणातून पाकीट काढून दिलं. आधीच लिहून, डकवून ठेवलेलं. तिला न तपासता चिठ्ठी तयार! याला म्हणतात निदान.

“वहिनींची काळजी घ्या,” म्हणाले, आणि पुन्हा खोकले. त्यांनीच एकदा तपासून घ्यायला हवं.

येसूला खरं सांगून घाबरवायचं नव्हतं. म्हटलं, “परवा मुंबईला जाऊ. हलरची जाळी आणायची आहे. तूही चल, तेवढीच हवापालट.”

“चला की,” म्हणाली. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल. तिची पिशवी भरलेली होती. त्यात माझे दोन सदरे कशाला, ते कळलं नाही.

४ मे, गुरुवार

मुंबईत हॉस्पिटलच्या दारात मी तिचा हात धरला. म्हटलं, “येसू, भिऊ नको. मी हाय.”

“मी पन हाय,” ती म्हणाली.

आत लांबलचक बाकं आणि सगळ्या बायका. पुरुष मी एकटा, पण आज लाज नव्हती, मी सोबत आलो होतो ना! शेजारच्या बाईला मी होऊन सांगितलं, “हिला आणलंय. धीराची आहे हो.” ती बाई येसूकडं बघून हळहळली. येसूनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं रडते. खांदे तिचेही दत्तोपंतांसारखेच हलत होते.

नंबर आला. टेबलामागं मोठे सर्जन, बाजूला जाड चष्म्याच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई. सर्जननी विचारलं, “पेशंट कोण?”

मी म्हटलं, “ही.”

येसू म्हणाली, “ह्ये.”

दोघांची बोटं एकमेकांकडं. सर्जननी पाकीट फोडलं, वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. “मोरू, वय अट्ठेचाळीस. तुम्हीच ना?”

मी उठायला लागलो. येसूनं खांदा दाबून मला बसवलं आणि भर खोलीत माझ्या सदऱ्याचं पहिलं बटण सोडलं. मग दुसरं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण असं कधी झालं नव्हतं.

“आन तुला?” मी विचारलं.

“मला काय धाड भरलीय?”

“मग तो नवस? चांदीचा?”

“तुमच्यासाटी.”

“खिसा?”

“खिसा कुटला? पट्टी हाय ती. नदीवर चोळून डाग जातात वाटतं तुमाला? मी रोज परत धुते.”

जाड चष्म्याच्या बाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं. आज ज्याच्या त्याच्या खांद्यांना काय झालं होतं कोण जाणे.

५ मे, शुक्रवार

मला पुरुषांच्या वॉर्डात खाट दिली. शेजारच्यानं विचारलं, “तुम्हाला काय?” मी म्हटलं, “छातीचं.” त्याला क्षय वाटला असावा, त्यानं उशी पायथ्याकडं नेली आणि उलटा झोपला. असू दे. क्षय तरी पुरुषी रोग आहे.

पडद्याच्या पलीकडं सर्जन आणि त्या बाई बोलत होते. बाईंचं नाव प्रमोदिनी. काढलेलं मांस सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोगाचं नाव सांगायचं हे त्यांचं काम. माझ्या तुकड्याचा काप लावलेली पुण्याची काच त्यांनी रात्रीच्या गाडीनं मागवून घेतली होती. पडदा म्हणजे माझ्या कानांना उघडं दार.

“सरळ काढून टाकू,” सर्जन म्हणाले. “वाट बघण्यात धोका आहे.”

“धोका आहेच. पण ही गाठ हलवली की वरची कातडी हलते, खालचं मांस हलत नाही. काचेत पेशी दोन थरांत नीट बसल्यात. काही अगदी रिकाम्या, पाण्यासारख्या. मला स्तनाची वाटत नाही. घामाच्या ग्रंथीची वाटते.”

“इथं? क्वचित असते ती.”

“क्वचित म्हणजे नाही असं नव्हे. नुसती गाठ तिच्यावरच्या कातडीसकट मला काढून द्या. आठ दिवस द्या. मी चुकले तर पुढचं तुमचंच आहे.”

मग सर्जन म्हणाले, “आठच दिवस.”

मी चादर तोंडावर ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरच्या बाजूनं देवाकडं वशिला लावला.

६ मे, शनिवार

प्रमोदिनीबाई खाटेपाशी आल्या. म्हणाल्या, “पुण्याला फक्त आतला तुकडा कसा गेला? कातडी असती तर तिथंच शंका आली असती.”

मी चादर सारखी करायला लागलो. येसू म्हणाली, “सांगा की. कातडीला धक्का नको, घरात दिसंल, असं कोन बोललं?” हे तिला कुणी सांगितलं, त्या खोकणाऱ्यानं? म्हणजे छाती वाचवायला मी जी कातडी जपली, तिच्यापायी छातीच जायची वेळ आली होती!

बाई रागावल्या नाहीत. स्टुलावर बसून नीट सांगितलं. स्तन म्हणजे मुळात घामग्रंथीचाच बदललेला प्रकार. थोरला भाऊच म्हणा. त्यामुळं आतला कणभर तुकडा बघून थोरला की धाकटा हे भल्याभल्यांना कळत नाही. गाठीचं मूळ वर कातडीत आहे की खाली दुधाच्या नळ्यांत, हे दिसावं लागतं.

हे मला एका दमात पटलं. तुसासकट भात हातात द्या, कोलम कुठलं आणि झिणी कुठलं, अंधारात सांगेन. तेच पांढरं करून चिमूटभर दिलंत, तर दाताखाली धरून बघीन, पण छातीठोक सांगणार नाही. पुण्याला मी चिमूटभर पांढरे तांदूळ पाठवले होते.

९ मे, मंगळवार

गाठ काढली. जागा बधिर करून, बोलता बोलता. गाठ अख्खी आली, डोक्यावर कातडीची टोपी घालून. बाईंनी बाटलीत टाकली आणि स्वतः घेऊन गेल्या. येसूचा उपास.

१३ मे, शनिवार

काही नाही. वाट.

येसू खाटेच्या पायथ्याशी बसते. काल तिला म्हटलं, “मी नसलो तर हलरच्या आवाजावर लक्ष ठेव. घरघर जड झाली की भात ओलं समजायचं.”

“मला म्हाईत हाय,” म्हणाली. “तुमी बाजारात असता तवा कोन बघतं?”

मला वाटत होतं गिरणी माझ्या कानांवर चालते.

नंतर ती नळावर गेली आणि परतायला फार वेळ लावला. डोळे लाल होते. मी विचारलं नाही. तीही कितीतरी दिवस विचारायचं टाळत होतीच की.

१७ मे, बुधवार

सकाळी प्रमोदिनीबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. गुलाबी-जांभळी रांगोळी दिसली. काठ अगदी रेखीव.

“हा वरचा पट्टा म्हणजे कातडी,” बाई म्हणाल्या. “इथून देठ खाली उतरलाय बघा. गाठ त्या देठाला लटकलीय. खाली स्तनाच्या नळ्या वेगळ्या आहेत, हिच्याशी संबंध नाही. कर्करोग नाही, मोरूशेठ. घामग्रंथीची साधी गाठ आहे. पुस्तकात वाचली होती, या जागी हाताखाली पहिल्यांदा आली.”

येसूनं विचारलं, “म्हंजी घामोळं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “थोरलं घामोळं म्हणा. पूर्ण निघालंय. तरी वर्षातून एकदा दाखवायला या, अशी गाठ कधी पुन्हा डोकं काढते.”

सर्जन दारात उभे होते. म्हणाले, “बाई, तुमचे आठ दिवस बरोबर लागले.” आणि माझ्या पाठीवर थाप मारली, उजवीकडं.

जिन्यात मात्र मी येसूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तिथून बायकाच बायका जात होत्या. जाऊ देत. जन्मभर घाम गाळला, त्यानं एकदा उलटून चिमटा काढला, एवढंच झालं.

हलरची जाळी घेतलीच. उगाच खोटं पडायला नको.

६ जून, मंगळवार

आज येसूच्या माहेरी, गावदेवीला नवस फेडला. तिथली चाल अशी की गाभाऱ्यात पुरुषानं उघड्या अंगानं जायचं. हे येसूनं मला पायरीवर सांगितलं, आधी नाही. ओटीवर अख्खं गाव जमलेलं. मी गळ्यापाशी बटण धरून उभा.

येसूची चुलती सोनुबाई म्हणाली, “काढा जावयबापू. लाजता कुनाला? आमाला चैतापासनं म्हाईत हाय.”

“काय म्हाईत हाय?”

“त्येच. पन कर्जतवाल्यांनी लई मोठी सांगितली हुती. ही तर भुईमुगाच्या शेंगेएवढी खून हाय!”

कर्जतवाले! म्हणजे तो ट्रंककॉल. म्हणजे बाकावरची ती अदब. आणि गौराबाईनं दिलेली ती जागा.

सदरा काढला. दोन महिन्यांनी अंगाला वारा लागला. फार बरं वाटलं.

येसूनं पुडी सोडली. मधूनं केलेली चांदीची छाती चांगली भरघोस, बाळंतिणीला शोभेल अशी. पुजारी एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिला. त्याखाली ती जोडी होती. चांदीचे दोन कान.

“हे कान कुणाचे गं?”

“तुमचे.”

“माझ्या कानांना काय झालंय? अख्ख्या तालुक्यात असे कान नाहीत.”

“म्हनून तर,” ती म्हणाली. “त्यांचा पन नवस हुता. तुमच्या कानांनी काम केलं, तर जोडी वाहीन म्हनून.”

मी खूश झालो. परत आल्यावर गिरणीत गजाला सांगितलं, माझ्या कानांची चांदी झाली, देवीनं ठेवून घेतले. शेजाऱ्यांनाही सांगितलं.

आता दिवेलागणीला लिहायला बसलो तर एक गोष्ट खुपते आहे. त्या दिवशी सोनाराकडं येसू इतक्या मोठ्यानं का बोलत होती? मधू काही बहिरा नाही. आणि न्हाव्याच्या दुकानावरून जाताना खुंटीवरची हिरवी छत्री तिला दिसली नसेल?

हाक मारून विचारलं, “येसू, त्या दिवशी माझी छत्री बघितली होतीस काय गं?”

ती चुलीपाशी होती. तिथूनच हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

मला ऐकू आलं नाही.